बिनकडेची काच

१६ डिसेंबर २०२२ रोजी पहाटे सहाच्या सुमारास बर्लिनमधील एका हॉटेलच्या मध्यवर्ती दालनात उभे असलेले 'अ‍ॅक्वाडोम' हे दंडगोलाकृती मत्स्यालय अकस्मात फुटले आणि सुमारे दहा लक्ष लिटर खारे पाणी दारेखिडक्या मोडीत रस्त्यावर आले. दीड हजार माशांपैकी बहुतेक सारे मेले. दोन माणसे जखमी झाली. हाच प्रकार भरदुपारी घडता तर किती प्राण गेले असते, याची कल्पनाही करवत नाही. २००३ साली उभारलेल्या या मत्स्यालयाचे नूतनीकरण नुकतेच झालेले होते आणि त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात ते पुन्हा लोकांस खुले करण्यात आले होते. तज्ज्ञांनी तुकडे जुळवून चौकशी केली. परंतु २०२३ साली त्यांनी जो निष्कर्ष दिला त्यात निश्चित कारण सांगता आले नाही. चिकटविलेला सांधा सुटला असावा, टाकी रिकामी असताना अ‍ॅक्रिलिक वाजवीहून अधिक सुकले असावे, किंवा नूतनीकरणाच्या वेळी तळाशी खाच पडली असावी, अशा तीन शक्यता तेवढ्या पुढे आल्या.

बर्लिनची गोष्ट बर्लिनला, आम्हांस तिचे काय, असे कोणी म्हणेल. पण १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय उघडले तेव्हापासून मुंबईकरांस काचेमागच्या माशांचे जे वेड लागले, ते आता दिवाणखान्यापर्यंत येऊन पोहोचले आहे; आणि अलीकडे तर कडा, चौकट, पट्टी यांपैकी काहीही नसलेली मोठी टाकी ही सुखवस्तू घराची खूण होऊ पाहत आहे. जपानच्या ताकाशी अमानो यांनी जलवनस्पतींच्या रचनेला कलेची प्रतिष्ठा मिळवून दिली, तिच्याबरोबर ही निराभरण काच जगभर गेली. ती सुंदर दिसते, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. प्रश्न सौंदर्याचा नाही, पाण्याच्या दाबाचा आहे.

पूर्वीच्या टाक्या लोखंडी अँगलच्या चौकटीत लांबी भरून काच बसविलेल्या असत. त्या कुरूप होत्या, गंजत होत्या, पण भार कोणी वाहावयाचा हे त्यांत ठरलेले होते: चौकट ताण घेई, काच केवळ आड उभी राही. पुढे सिलिकॉन आले आणि चौकट गेली. आता काच हीच भिंत आणि सांध्यातील सिलिकॉनचा पातळ थर हाच तिचा एकमेव आधार.

हा आधार किती भार वाहतो? पाच फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच टाकी घ्या. तीत सुमारे ५४० लिटर पाणी मावते. तिच्या समोरच्या काचेवर पाण्याचा एकूण रेटा सुमारे २७० किलो भरतो. दाब ठरतो तो पाण्याच्या उंचीवर. टाकी किती रुंद आहे याच्याशी त्याला कर्तव्य नाही. उंची दुप्पट केली की रेटा चौपट होतो. 'अर्धा फूट उंच करून द्या, शोभून दिसेल,' असे दुकानदारास सहज सांगणाऱ्या गृहस्थास आपण रेटा ५० टक्क्यांहून अधिक वाढवीत आहो, याची जाणीव क्वचितच असते.

वरची कड मोकळी असेल तर हा रेटा काचेला मध्यभागी बाहेर वाकवितो. काचेचा वाकण्यास होणारा विरोध जाडीच्या घनाच्या प्रमाणात असतो, म्हणून बारा मिलिमीटरांऐवजी दहा मिलिमीटरांची काच लावली की ती तेवढ्याच भाराखाली पावणेदोन पटींच्या आसपास वाकते. पैसे वाचतात ते येथे. काच जाडीला पुरेशी असली की प्रश्न मिटला, असे मात्र नव्हे. जाडी ठरविण्याच्या प्रचलित सूत्रात सुरक्षिततेचा ३.८ पट हिशेब धरतात, तो काचेचा. सांध्याबद्दल ते सूत्र अवाक्षर काढीत नाही. वाकलेली काच कोपऱ्यातील सिलिकॉनला नुसते ओढीत नाही, एका टोकापासून सोलू पाहते, आणि चिकट पदार्थास सोलणारा ताण सर्वांत जड जातो. सांध्यातील बुडबुडे, पांढुरकी पडत चाललेली रेघ, शेवाळ खरवडताना पात्याने कापली गेलेली कोपऱ्याची कड, ही त्याची पूर्वचिन्हे होत. अशा सांध्यावर नवे सिलिकॉन फासून काम भागविणे ही तर शुद्ध फसवणूक. कारण मुरलेल्या जुन्या सिलिकॉनला नवे नीट धरीत नाही. टाकी रिकामी करून, सांधा उकलून, काच स्वच्छ करूनच ती पुन्हा जोडावी लागते.

यावर उपाय जुनाच आहे. वरच्या कडेला आतून चारही बाजूंनी काचेच्या आडव्या पट्ट्या चिकटवाव्यात आणि लांबी फार असेल तर मध्यभागी एक पट्टी पुढून मागे टाकावी. ती दोन्ही काचांस परस्परांशी बांधून ठेवते, वाकणे रोखते आणि सांध्यावरील सोल कमी करते. दिसावयास ती किंचित खुपते, झाकण ठेवताना आड येते, हे खरे. दीड फुटापर्यंतच्या लहान टाकीस तिची गरज नाही, हेही खरे. पण दोन फूट उंच आणि चारपाच फूट लांब टाकी, शेजारी विजेची तीन बटणे आणि जमिनीवर खेळणारे मूल असे चित्र असेल, तर पट्टी नको म्हणण्याचा अधिकार केवळ रसिकतेला देणे आम्हांस मान्य नाही.

टाकी कशावर ठेवली आहे, हेही पाहावे. सपाट तळाची बिनकडेची टाकी मऊ फोमच्या चटईवर ठेवावी लागते. खाली एक खडा राहिला किंवा मेज एका पायाने लंगडे असले, तरी सबंध टाकीस पीळ बसतो. शिवाय पाणी, काच, वाळू, दगड आणि मेज मिळून हे प्रकरण सातशे किलोंच्या वर जाते आणि ते एक चौरस मीटरहूनही कमी जागेत उभे असते. निवासी खोलीच्या जमिनीसाठी भारतीय मानकात दर चौरस मीटरला सुमारे दोनशे किलो भार धरला जातो. तो सबंध खोलीवर पसरलेला धरतात, म्हणून तुळईलगत, भिंतीशी ठेवलेली टाकी बहुधा निभावते. खोलीच्या मध्यभागी ठेवलेली निभावेलच, असे कोणी छातीठोकपणे सांगू नये. खालच्या मजल्यावर राहणाऱ्या कुटुंबाला या हौसेत कोणी विचारलेले नसते.

तेव्हा आमची मागणी साधी आहे. टाकी विकणाऱ्याने पावतीवर काचेची जाडी, पाण्याची कमाल उंची आणि सांधा जोडल्याची तारीख लिहून द्यावी, आणि सांधा पुरता वाळल्यावर काही दिवस काठोकाठ पाणी भरून टाकी दुकानातच उभी ठेवावी. ग्राहकाने एवढे लिहून मागितल्याखेरीज पैसे देऊ नयेत. गृहनिर्माण संस्थांनीही सभासदाच्या घरी तीनशे लिटरांहून मोठी टाकी येत असेल, तर एकदा अभियंत्याचे मत घ्यावे. गच्चीवर पाण्याची टाकी बसविताना त्या तेवढे करतातच.