गणपूर्तीअभावी सभा तहकूब



आपल्या मंडळाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेची सूचना याच अंकाच्या शेवटच्या पानावर आहे. तिच्यातले अखेरचे वाक्य आपणा सर्वांना तोंडपाठ आहे. गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास तीच सभा अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी घेण्यात येईल व तिला गणपूर्तीची अट राहणार नाही. गृहनिर्माण संस्था असो, वाचनालय असो की पतपेढी, मराठी माणसाने काढलेल्या कुठल्याही संस्थेच्या सूचनेत हे वाक्य असतेच. त्यामुळे सहाची सभा साडेसहाला भरणार हे सर्वांना ठाऊक असते, आणि साडेसहालाही तेच बारा-पंधरा चेहरे समोर असतात. लोक येणार नाहीत हे आपण नियमातच लिहून ठेवले आहे.

माझे म्हणणे असे, की हे वाक्य यंदा आपल्या मंडळाच्या घटनेतून काढून टाकावे. कारण सांगण्यासाठी मला तुम्हाला थोडा वेळ माथेरानला न्यायचे आहे. दुबईहून तसे लांब पडेल, पण आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी नेरळहून ती छोटी गाडी पाहिलेली आहे.

माथेरान म्हणजे रायगड जिल्ह्यात, कर्जत तालुक्यात, सुमारे ८०० मीटर उंचीवर वसलेले गाव. ठाण्याचा कलेक्टर मॅलेट १८५० मध्ये वर चढून गेला आणि साहेबांना उन्हाळ्याची जागा सापडली. आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने स्वतःच्या पैशाने डोंगरात रूळ टाकले व १९०७ मध्ये गाडी सुरू झाली. हा सगळा इतिहास सहलीच्या पुस्तकात मिळतो. त्यात मिळत नाही ती गोष्ट अशी, की २०११ च्या जनगणनेत साडेचार हजारांच्याही आत लोकसंख्या असलेल्या या गावाला स्वतःची नगरपरिषद आहे. आपल्या एखाद्या इमारतसमूहात राहतात तेवढी माणसे, आणि त्यांना नगराध्यक्ष, नगरसेवक, मुख्याधिकारी, सगळा लवाजमा!

एवढ्या छोट्या गावात लोकांनी एकत्र बसून सगळे ठरवायला काय हरकत, असे वाटते. प्रत्यक्षात उलटे आहे. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत माथेरानचे जवळजवळ सगळे मोठे प्रश्न गावाबाहेर ठरले. ४ फेब्रुवारी २००३ रोजी केंद्राच्या पर्यावरण खात्याने माथेरान व भोवतालचा प्रदेश पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला आणि त्यावर देखरेख समिती नेमली. दस्तुरी नाक्याच्या पुढे मोटार नाही, ही माथेरानची जुनी शिस्त. तिला आता कायद्याचा आधार मिळाला. ते चांगलेच झाले, नाहीतर वरचे ते लाल मातीचे रस्ते आणि झाडी केव्हाच गेली असती. पण मोटार नाही म्हणजे ओझे कोणीतरी वाहायचे. सिलिंडर, भाजी, सिमेंट, आजारी माणूस, शाळेत जाणारी पोरे, पर्यटकांच्या बॅगा. २६ जुलै २००५ च्या पावसाने रूळ वाहून गेले तेव्हा गाडी जवळजवळ दोन वर्षे बंद होती. पुढे २०१६ मध्ये ती बंद पडली, २०१९ च्या पावसाने पुन्हा बंद पडली. त्या त्या काळात भार पडला तो घोड्यांवर, हमालांवर आणि हातरिक्षावाल्यांवर.

हातरिक्षा म्हणजे काय हे नव्या पिढीला सांगायला हवे. पुढे एकजण ओढतो, मागून एक-दोघे ढकलतात आणि आत पर्यटक बसतो. चढ असो, पाऊस असो. परवानाधारक हातरिक्षा ९४. या ओढणाऱ्यांनीच मागणी केली की आम्हाला बॅटरीवरच्या ई-रिक्षा चालवू द्या. मागणी साधी होती, पण ती सुटायला सर्वोच्च न्यायालय लागले. डिसेंबर २०२२ मध्ये सात ई-रिक्षांचा तीन महिन्यांचा प्रयोग झाला. पुढे न्यायालयाने तूर्त २० ई-रिक्षांची मर्यादा घातली. आता ९४ जणांत २० वाहने कशी वाटायची? परवाना ज्याच्या नावावर आहे त्याला द्यायची की प्रत्यक्ष ओढतो त्याला? घोडेवाले म्हणाले आमच्या पोटावर पाय येतो. त्यातच रस्त्यावर पेव्हर ब्लॉक घालावेत की नाही हा वाद. ब्लॉक नसतील तर चिखलात वाहन चालत नाही, असतील तर घोडे घसरतात आणि डोंगराचे पाणी मुरत नाही.

हे सगळे ऐकले कुठे गेले? नीलगिरीच्या जंगलतोडीवरून १९९५ मध्ये दाखल झालेल्या गोदावर्मन खटल्यात! दिल्लीतल्या न्यायमूर्तींनी वाचायचे की दस्तुरी नाक्यावरून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंत ब्लॉक असावेत की नसावेत. ६ ऑगस्ट २०२५ रोजी सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने सांगितले की माणसाने माणसाला ओढणे मानवी प्रतिष्ठेला धरून नाही, हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा व या लोकांना ई-रिक्षा देऊन त्यांचे पुनर्वसन करा. निर्णय योग्यच आहे, आणि मला विचाराल तर फार उशिरा आला. पण तो द्यायला दिल्ली का लागावी?

याचे एक कारण कायद्यात आहे, आणि ते फारसे कोणी बोलत नाही. १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने खेड्याला ग्रामसभा दिली. गावातला प्रत्येक मतदार तिचा सभासद, सरपंचाला तिथे उभे राहून उत्तर द्यावे लागते. ७४ व्या दुरुस्तीने शहरांना प्रभाग समित्या दिल्या, पण त्या ३ लाख वा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांना सक्तीच्या केल्या. माथेरान, पाचगणी, महाबळेश्वर ही गावे मधल्यामधे राहिली. नगरपरिषद म्हणून ग्रामसभा नाही आणि छोटे म्हणून प्रभाग समिती सक्तीची नाही. शेजारच्या नेरळच्या माणसाला ग्रामसभेत बोट उचलता येते. वरच्या माथेरानकराला पाच वर्षांतून एकदा मत द्यायचे आणि गप्प बसायचे. बरे, तेही वेळेवर नाही. आरक्षणाच्या वादात राज्यातल्या कित्येक नगरपरिषदांवर वर्षानुवर्षे प्रशासक बसले होते. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच कान धरला तेव्हा कुठे डिसेंबर २०२५ मध्ये निवडणुका लागल्या.

मग लोक काय करतात? समिती काढतात. मार्च २०२५ मध्ये माथेरान बेमुदत बंद ठेवण्यात आले होते ते काहींनी वाचले असेल. दस्तुरी नाक्यावर पर्यटकांना पुढे गाडी नाही, रिक्षा नाही असे खोटे सांगून घोड्यावर बसवतात व अवाच्या सव्वा पैसे घेतात, ही तक्रार जुनीच. हॉटेलवाले, दुकानदार, रहिवासी यांनी संघर्ष समिती स्थापून गाव बंद केले, अधिकारी धावत आले, आश्वासने मिळाली व बंद मागे घेण्यात आला. माझ्या मते ही समिती उपयोगाची होती, पण तिच्यात घोडेवाला कुठे होता? ज्याच्याविरुद्ध तक्रार तोच बैठकीबाहेर असेल तर मिटलेले भांडण पुढच्या हंगामात परत येते. आणि घोडेवाल्यालाही घर आहे, कर्ज आहे, पावसाळ्याचे चार महिने रिकामे आहेत.

आता ग्रामसभेचे कौतुक केले म्हणून कोणी मला भाबडा समजू नये. ग्रामसभेलाही १५ टक्के किंवा १०० मतदारांची गणपूर्ती लागते आणि तहकूब झालेल्या सभेला ती लागत नाही. म्हणजे आपलेच वाक्य तिथेही! ज्या गावांत ग्रामसभा खरोखर चालते तिथे लोकांनी ही पळवाट वापरायचे नाकारले आहे. गडचिरोलीतले मेंढा-लेखा हे प्रसिद्ध उदाहरण. तिथे ठराव बहुमताने होत नाही, सर्वसहमतीने होतो. एकाचाही विरोध असला तर विषय पुढे ढकलतात आणि त्यावर अभ्यासगटात पुन्हा बोलतात. वेळ लागतो. पण २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत हे गाव होते, आणि २०११ मध्ये स्वतःच्या जंगलातला बांबू स्वतः विकण्याचा अधिकारही त्याने मिळवला. उशीर झाल्याने काही बिघडले नाही.

आपण राहतो त्या देशातही याचा एक जुना नमुना आहे. हत्ताला आपण धरणात होड्या चालवायला जातो, तिथे किंवा अल ऐनच्या खजुरीच्या बागांत फलजचे पाणी वाहताना पाहिले असेल. डोंगरातून आणलेल्या या पाटाचे पाणी वेळेवर मोजून वाटत, दिवसा सावलीवरून, रात्री ताऱ्यांवरून. ज्याचा वाटा त्याने पाट साफ करायलाही यायचे, आणि वाटपावर सर्वांनी मानलेला एक अरीफ. आपल्या धुळे-नाशिककडच्या फड बागायतीत पाटकरी असे, तसाच. पाणी घेणारा आणि पाट उपसणारा एकच असला की कोणाला किती हा प्रश्न कचेरीपर्यंत जात नाही.

असो. माथेरानहून परत शारजाला येऊ.

इथे आपण पाहुणे आहोत. नगरपालिकेत आपले मत नाही, आणि तशी अपेक्षाही नाही. मायदेशी २०१० च्या दुरुस्तीने आपल्याला प्रवासी मतदार म्हणून नाव घालता येते, पण मत द्यायला विमानाने जाऊन रांगेत उभे राहावे लागते. किती जण जातात? तेव्हा जिथे आपला हात वर झाला तर मोजला जातो अशी जागा आपल्याला एकच उरते, ती म्हणजे हे मंडळ. आणि तिथे आपण अर्धा तास उशिरा जातो, किंवा जातच नाही.

परिणाम पाहा. शारजातला मराठी वर्ग गेल्या वर्षी बंद करून दुबईच्या वर्गात मिळवण्यात आला. हॉलचे भाडे वाचले, हिशोब बरोबर होता. पण ठराव झाला तहकूब सभेत, चौदा जणांच्या उपस्थितीत, आणि त्या चौदांत वर्गाला मूल पाठवणारी एकही आई नव्हती. इत्तिहाद रस्त्यावर संध्याकाळी काय होते हे त्या आयांपैकी कोणीही एका मिनिटात सांगितले असते. शारजाची पोरे आता येत नाहीत. त्यांच्या घरी मराठी बोलली जाते, पण वाचणार कोण? कार्यकारिणीला मी दोष देत नाही. ती माणसे नोकरी सांभाळून परवान्यासाठी हेलपाटे घालतात, गणपतीचे मखर रात्री दोनपर्यंत बांधतात. त्यांच्यावर निर्णय टाकून मोकळे होणारे आपण बाकीचे, बोलायचे तर आपल्याविषयी बोलले पाहिजे. निर्णयानंतर व्हॉट्सॅपवर नाराजीचे चाळीस निरोप पडले म्हणे. त्यातले चार जरी सभेत बोलले असते!

दुसरी गोष्ट जास्त नाजूक आहे. आपले सभासदत्व कुटुंबाचे. मतही कुटुंबाला. पण गणपतीत खुर्च्या लावणारी, भांडी उचलणारी, विसर्जनानंतर हॉल झाडणारी मुले कोण असतात? सोनापूरच्या, अल कूझच्या कॅम्पातून येणारी, कुटुंब गावी ठेवून आलेली. त्यांना महाप्रसाद मिळतो, टाळ्या मिळतात, मत मिळत नाही. परवाना एकाच्या नावावर आणि ओढणारा दुसरा, हे चित्र माथेरानात आपल्याला खटकते. मग इथे का खटकू नये?

विरोधी मत मी ऐकले आहे. गणपूर्तीची अट खरीखुरी ठेवली तर सभा होणारच नाही, हिशोब मंजूर होणार नाहीत, परवान्याचे नूतनीकरण अडेल, मंडळ बंद पडेल. भीती अगदीच खोटी नाही. म्हणून मी सुचवतो की हिशोब व परवाना या दोनच बाबींना तहकूब सभेची सवलत राहावी. वर्ग, वर्गणी, सभासदत्व, उत्सवाचा खर्च यांवरचे ठराव पूर्ण गणपूर्तीशिवाय होऊ नयेत. एखाद्या वर्षी एखादा ठराव अडेल, तर अडू दे. एखादा कार्यक्रम कमी होईल. त्यापलीकडे काय होणार?

वाराचाही विचार व्हावा. पूर्वी सगळ्यांना शुक्रवार मोकळा असे. २०२२ च्या जानेवारीपासून दुबईत शुक्रवारी अर्धा दिवस काम व शनिवार-रविवार सुटी, शारजाला शुक्रवारपासून तीन दिवस. पण दुकानांत व बांधकामावर काम करणाऱ्या पुष्कळांना फक्त रविवारच मिळतो. आपली सभा शनिवारी ठेवण्याचे कारण मला कोणी सांगू शकले नाही, हॉल शनिवारी स्वस्त मिळतो एवढे सोडून. रविवारी सकाळी ठेवली आणि कॅम्पावरून एक बस लावली तर हॉलच्या भाड्यातला फरक व बसचा खर्च मिळून एका दिवाळी संध्येच्या फुलांच्या सजावटीएवढाही होणार नाही.

तेव्हा यंदाच्या सभेसाठी मी दोन ठराव चिटणिसांकडे दिले आहेत. पहिला तहकूब सभेच्या वाक्याविषयी, वर सांगितलेल्या दोन अपवादांसह. दुसरा एकट्या सभासदाला अर्ध्या वर्गणीत पूर्ण मत देण्याविषयी. शारजाच्या वर्गाचा प्रश्न मी मुद्दाम ठरावात घातलेला नाही. तो मुले पाठवणाऱ्या आयांनी मांडावा, मी हात वर करीन. नियमाप्रमाणे दोन्ही ठरावांना प्रत्येकी एक अनुमोदक लागतो आणि अजून माझ्याकडे एकाचेही नाव नाही. ज्यांची तयारी असेल त्यांनी सभेच्या आठ दिवस आधी चिटणिसांकडे सही करावी. ठराव पटत नसतील त्यांनीही सभेला जरूर यावे, सहा वाजता.

– एक सभासद, शारजा