तक्रारीला दार हवे

बडोद्याच्या कारेलीबागेत सायंकाळी नोकरदार माणूस घरी परततो, तेव्हा रिकाम्या डब्याबरोबर दिवसभराची कुरबुरही घरात येते. कोणाची पाळी न विचारता बदललेली असते, कोणाच्या जादा कामाचे पैसे हिशेबात धरलेले नसतात, तर कोणाला साहेब चारचौघांत टाकून बोललेला असतो. बडोदे मराठी माणसाला परके नाही. १९०७ साली तेथे अलेंबिक उभी राहिली, तेव्हा संस्थापकांत कोटिभास्कर हे मराठी नाव होते. पुढे कोयलीचा तेलशुद्धीकरण कारखाना आला, मकरपुरा व नंदेसरी येथील औद्योगिक वसाहती आल्या आणि किनाऱ्यावरच्या कित्येक घरांचे आप्त तिकडे स्थिरावले. त्यामुळे कारेलीबागेतील ही कुरबुर आपल्याकडच्या वेर्ण्यात किंवा चिपळुणातही तशीच ऐकू येते.

कामाच्या जागी कलह होतो तो माणसे भांडकुदळ असतात म्हणून, असा समज आपल्याकडे रूढ आहे. आम्हांस तो मान्य नाही. कलहाची मुळे साधारणतः तीन असतात. कधी वाद वस्तुस्थितीचा असतो: किती तास भरले, किती माल निघाला. कधी तो हितसंबंधांचा असतो: मालकाला जे वाचवायचे असते तेच कामगाराला मिळवायचे असते. आणि कधी तो केवळ मानाचा असतो. पहिल्यावर हिशेबाची वही हे औषध आहे, दुसऱ्यावर वाटाघाट, तिसऱ्यावर दिलगिरीचा एक शब्द. औषधांची अदलाबदल झाली की रोग बळावतो. अपमान झालेल्या माणसापुढे नियमपुस्तिका धरली, किंवा पगार मागणाऱ्यास गोड शब्दांनी परतवले, की साधी तक्रार वैराचे रूप घेते.

बडोद्यापासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर अहमदाबादेत १९१८ साली घडलेला तंटा या दृष्टीने आजही मननीय आहे. प्लेगच्या काळात गिरणीमालकांनी दिलेला बोनस प्लेग ओसरताच बंद होऊ घातला. विणकरांनी पन्नास टक्के वाढ मागितली. मालक वीस टक्क्यांपुढे जाईनात. गांधीजींनी आधी दोन्ही बाजूंची परिस्थिती तपासली आणि पस्तीस टक्के हा आकडा न्याय्य ठरवून कामगारांना तेवढ्यावरच उभे केले. मालकांच्या अग्रभागी अंबालाल साराभाई होते आणि कामगारांच्या बाजूला त्यांची सख्खी बहीण अनसूयाबेन. तंटा तीव्र होता, परंतु नाते तुटले नाही. २२ फेब्रुवारीस टाळेबंदीने पेटलेला तंटा गांधीजींच्या उपोषणानंतर १८ मार्चला मिटला. तोड अशी निघाली की पहिल्या दिवशी पस्तीस टक्के, म्हणजे कामगारांची प्रतिज्ञा राहिली. दुसऱ्या दिवशी वीस टक्के, म्हणजे मालकांचा शब्द राहिला. आणि तिसऱ्या दिवसापासून पंचाचा निवाडा येईपर्यंत साडेसत्तावीस टक्के. पंच आनंदशंकर ध्रुव यांनी पुढे पस्तीस टक्केच मान्य केले. मित्रत्वाचे नाते असलेल्या मालकांवर आपल्या उपोषणाचे दडपण आले, हा त्यातील दोष गांधीजींनी स्वतः कबूल केला. याच लढ्याच्या पायावर १९२० साली मजूर महाजन उभे राहिले.

याउलट १९८२ सालचा मुंबईचा गिरणी संप आठवावा. कोकणपट्टीला तो विसरणे शक्य नाही. मनिऑर्डरी थांबल्या आणि कर्ते पुरुष गावी परतले, तेव्हा रत्नागिरी-सिंधुदुर्गातील चुली मंदावल्या. १८ जानेवारीस सुमारे अडीच लाख कामगार दत्ता सामंतांच्या मागे बाहेर पडले. परंतु १९४६ च्या कायद्यान्वये बोलण्याचा अधिकार होता राष्ट्रीय मिल मजदूर संघाला. ज्याच्यावर कामगारांचा विश्वास, त्याच्याशी बोलणी होईनात. ज्याच्याशी बोलणी शक्य, त्याच्यावर विश्वास नव्हता. गिरण्यांच्या दुरवस्थेला इतरही कारणे होती, हे खरे. तथापि उभयपक्षी मान्य असा मध्यस्थच उरला नाही, हे त्या शोकांतिकेचे एक मोठे कारण होय. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. तो विरून गेला आणि त्याबरोबर हजारो संसार विस्कटले.

नोव्हेंबर २०२५ पासून २०२० ची औद्योगिक संबंध संहिता अमलात आली आहे. वीस वा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत तक्रार निवारण समिती हवी, तीत दोन्ही बाजूंचे सभासद समसमान हवेत आणि तीस दिवसांत काम पुरे व्हावे, असे ती सांगते. तरतूद चांगली आहे. पण कार्यसमित्यांची तरतूद १९४७ च्या कायद्यातही होतीच. समितीचे नाव फलकावर लागले म्हणजे न्याय मिळाला असे नव्हे. कामगारांचे सभासद खरोखर कामगारांनी निवडले काय? तक्रार करणाऱ्याची पुढच्याच महिन्यात गैरसोयीच्या पाळीवर रवानगी होते काय? कंत्राटदारामार्फत आलेल्या माणसाचे गाऱ्हाणे त्या टेबलापर्यंत पोहोचते काय? या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर समितीची खरी किंमत ठरेल.

ही जबाबदारी एकट्या मालकाची नाही. संघटनांनीही १९१८ चा धडा घ्यावा: मागणी तोलून करावी, पुराव्यानिशी मांडावी आणि समोरच्याला मान राखून मागे येण्यास जागा ठेवावी. परंतु ज्याच्या हाती सत्ता अधिक, त्याने पहिले पाऊल टाकावे, हेच न्यायाचे होय. कारेलीबागेतला कामगार सायंकाळी घरी येतो, तेव्हा त्याची तक्रार कोणी तरी ऐकून लिहून घेतलेली असावी आणि तिचे उत्तर कोणत्या तारखेस मिळेल हे त्याला ठाऊक असावे. एवढे झाले तरी अर्धे तंटे उंबरठ्यावरच मिटतील. दार बंद ठेवणाऱ्यांना मात्र एक दिवस भिंत कोसळल्याचा आवाज ऐकावा लागतो.