आधी खेळा, मग वाचा

अमेरिकेत १९७४ साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ आला. एक सूत्रधार जादू-राक्षसांची गोष्ट सांगतो, बाकीचे तिच्यातली पात्रे होतात. बेत साधला की फसला, ते फासे ठरवतात. औशातल्या पोरांनी असला अनोळखी खेळ मांडायचा म्हटला, तर ती आधी जाडजूड इंग्रजी नियमपुस्तक पाठ करायला बसतील. ‘लातूर पॅटर्न’चा हा संस्कार! बँकेत आम्ही परिपत्रके वाचून नव्हे, काउंटरवर बसूनच शिकलो. चारपाच जण जमवा, गोष्ट आपल्याच भुईकोट किल्ल्यात घडवा, अडेल तेव्हाच पुस्तक उघडा. गुण न कापता चुकू देणारी जागा या मुलांना दुसरी आहे कुठे?