चूक शोधण्यालाही गुण द्या

भोपाळच्या एम. पी. नगरात झोन एक आणि झोन दोनमधून फिरताना स्पर्धा परीक्षांच्या आणि संगणकवर्गांच्या पाट्या एकमेकींना खेटून लागलेल्या दिसतात. मध्य प्रदेशात डेटा एंट्री ऑपरेटर किंवा सहायक ग्रेड-३ अशा पदांसाठी संगणकाची पदविका आणि सीपीसीटी या संगणक-प्रवीणता परीक्षेचे गुणपत्रक मागितले जाते. त्यामुळे डीसीए आणि पीजीडीसीए ही अक्षरे इथल्या मध्यमवर्गीय घरांत, मराठी घरांतही, सगळ्यांच्या तोंडी असतात. भोपाळचे माखनलाल चतुर्वेदी पत्रकारिता विद्यापीठ हे अभ्यासक्रम राज्यभरच्या संलग्न संस्थांमधून चालवते. अभियांत्रिकीकडे जाणाऱ्यांसाठी राजीव गांधी प्रौद्योगिकी विद्यापीठ आहे, मॅनिट आहे. या सगळ्या वाटांवर मुलांना कधी ना कधी डेस्कटॉपवर चालणारा छोटा प्रोग्राम लिहावा लागतो. एक फॉर्म, त्यावर चार-पाच टेक्स्टबॉक्स, ‘सेव्ह’ असे लिहिलेले बटण आणि मागे डेटाबेस, एवढाच त्याचा पसारा. बहुतेकांचा आत्मविश्वास पहिल्यांदा तुटतो तो इथेच. त्यांना प्रोग्राम लिहिता येत नाही असे नाही. लिहिलेला प्रोग्राम चालला नाही तर पुढे काय करायचे, हे त्यांना कोणी शिकवलेले नसते. माझे म्हणणे सरळ आहे: चूक शोधणे हे प्रोग्रामिंगमधले स्वतंत्र कौशल्य आहे. ते वर्गात शिकवले पाहिजे आणि परीक्षेत त्याला गुण दिले पाहिजेत.

एक उदाहरण जवळून पाहू. व्हीबी डॉट नेटमध्ये विद्यार्थ्यांच्या नोंदी ठेवणारा प्रोग्राम केला आहे. मुलीने नाव, पत्ता, वर्ग भरून बटण दाबले, ‘नोंद जतन झाली’ असा संदेश आला, यादीत नाव दिसले. तिने प्रोग्राम बंद केला, कोडमध्ये काहीतरी बदलले, पुन्हा चालवला आणि नोंद गायब. आता ती जतन करण्याचा कोड पुन्हा लिहिते. मैत्रिणीचा कोड आणून चिकटवते. शेवटी सॉफ्टवेअर काढून नव्याने टाकते. पण कोड पहिल्यापासून बरोबरच होता. प्रोजेक्टमध्ये डेटाबेसची फाइल घेतली की व्हिज्युअल स्टुडिओ प्रोग्राम बनवताना तिची एक प्रत ‘बिन’ फोल्डरच्या आतल्या ‘डीबग’ फोल्डरमध्ये ठेवतो आणि चालणारा प्रोग्राम त्या प्रतीत लिहितो. फाइलच्या गुणधर्मांत ‘कॉपी ऑलवेज’ निवडलेले असेल, तर प्रत्येक नव्या बिल्डला मूळ रिकामी फाइल त्या प्रतीवर येऊन बसते आणि भरलेली नोंद पुसली जाते. इलाज एका क्लिकचा आहे: तिथे ‘कॉपी इफ न्यूअर’ करायचे. मात्र त्या क्लिकपर्यंत पोहोचायचे तर आधी एक प्रश्न सुचायला हवा, ‘माझा प्रोग्राम नेमक्या कोणत्या फाइलमध्ये लिहितो आहे?’ हा प्रश्न पाठ्यपुस्तकात सापडत नाही. समोर दिसते त्यावर लगेच विश्वास न ठेवता ते तपासून पाहण्याची सवय लागली, की तो आपोआप सुचतो.

नवशिक्यांच्या बहुतेक अडचणी याच जातीच्या असतात, म्हणजे लक्षण एकीकडे आणि कारण दुसरीकडे. कॉलेजच्या लॅबमध्ये चाललेला प्रोग्राम घरी आणला की ‘मायक्रोसॉफ्ट एस प्रोव्हायडर या मशीनवर नोंदलेला नाही’ अशा अर्थाचा संदेश येतो. बहुतेक वेळा त्याचे कारण प्रोग्राम एका जातीचा, ३२ बिटचा, आणि संगणकावरचे ऑफिस दुसऱ्या जातीचे, ६४ बिटचे, एवढेच असते. ऑफिस २०१९ पासून ६४ बिटची आवृत्ती आपोआप बसते, त्यामुळे हा घोळ वाढला आहे. तारखेचे प्रकरण याहून फसवे. ॲक्सेस डेटाबेसच्या क्वेरीत मजकुरातून तारीख दिली तर ती अमेरिकी पद्धतीने, आधी महिना मग दिवस अशी वाचली जाते. आपण ५ मार्चसाठी ०५/०३ लिहितो आणि नोंद होते ३ मेची. १३ तारखेपासून पुढे मात्र सगळे बरोबर चालते, कारण तेरावा महिना नसतो आणि ॲक्सेस निमूटपणे आकड्यांची अदलाबदल करून घेतो. महिन्याच्या २० तारखेला तपासलेला प्रोग्राम पुढच्या महिन्याच्या ४ तारखेला चुकतो. ज्याने तपासताना एकच तारीख घालून पाहिली, त्याला हा दोष कधीच दिसणार नाही. बटण दाबल्यावर खिडकी पांढुरकी होते आणि ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ दिसते, तेव्हा मुले संगणक हँग झाला म्हणून तो बंद करतात. वास्तविक खिडकीने पाच सेकंद कोणत्याही संदेशाला उत्तर दिले नाही, तर विंडोज तिच्यावर तसा शिक्का मारते. लांबलचक काम बटणाच्या क्लिकमध्येच कोंबल्याने पडदा रंगवायलाही प्रोग्रामला सवड उरलेली नसते. आणि ‘ऑब्जेक्ट रेफरन्स नॉट सेट’ हा सर्वांना घाबरवणारा संदेश तर फक्त एवढेच सांगतो की घरावर नावाची पाटी लागली आहे, पण घरात अजून कोणी राहायला आलेले नाही. हे रिकामे नाव ठेवण्याची सोय संगणकशास्त्रज्ञ टोनी होअर यांनी १९६५ मध्ये एका प्रोग्रामिंग भाषेत आणली. २००९ मध्ये त्यांनी तिला आपली अब्ज डॉलरची चूक म्हटले. ज्या चुकीने जगभरचे जाणते अडखळतात, तिथे अडखळलेल्या पहिल्या वर्षाच्या मुलाने स्वतःला मंदबुद्धी समजण्याचे काहीच कारण नाही.

तरीही तो तसे समजतो, आणि याची जबाबदारी आपल्या परीक्षापद्धतीवर येते. लेखी परीक्षेत प्रोग्राम कागदावर लिहायचा असतो. कागद कधी एरर देत नाही. प्रात्यक्षिक परीक्षेत ठरलेल्या यादीतला प्रोग्राम येतो, सोबत नीट लिहिलेली प्रॅक्टिकल फाइल आणि दोन-चार तोंडी प्रश्न असतात. त्या फाइलमध्ये प्रत्येक प्रोग्राम पहिल्याच फटक्यात चालल्यासारखा दिसतो. तो किती वेळा अडला, का अडला, कसा सुटला, याचा उल्लेख कुठेच नसतो, कारण त्याला गुण नाहीत. मग मूल शिकते ते हेच, की हुशार माणसाचा प्रोग्राम अडत नाही. इतिहास याच्या नेमका उलट आहे. केंब्रिजमध्ये १९४९ साली एडसॅक संगणक चालू झाल्यावर तो उभारणाऱ्या मॉरिस विल्क्स यांना लवकरच कळून चुकले, की आपल्या उरलेल्या आयुष्यातला मोठा भाग आता स्वतःच्याच प्रोग्राममधल्या चुका शोधण्यात जाणार आहे. हे त्यांनी पुढे आपल्या आठवणींत लिहून ठेवले. प्रोग्राम लिहिण्याचे काम जितके जुने, तितकेच चुका शोधण्याचे. आपण पहिले अभ्यासक्रमात घेतले आणि दुसरे मुलाच्या नशिबावर सोडले.

यावर पहिला आक्षेप अनुभवी शिक्षकच घेतात: चूक शोधणे अनुभवाने येते, ते शिकवता येत नाही. या आक्षेपाचे उत्तर भोपाळमध्येच आहे. १९५६ मध्ये इथे हेवी इलेक्ट्रिकल्सची स्थापना झाली, पुढे ती भेलमध्ये विलीन झाली, आणि पिपलानी, बरखेडा, गोविंदपुरा हा सगळा भाग त्या कारखान्याभोवती वाढला. मोटर आणि ट्रान्सफॉर्मरवर जगणाऱ्या या गावात केवळ वायरिंगची सुबक आकृती काढता येते म्हणून कोणी इलेक्ट्रिशियनला कामावर ठेवणार नाही. आयटीआयच्या इलेक्ट्रिशियन ट्रेडमध्ये दोष शोधणे हा प्रात्यक्षिकाचाच भाग असतो. मोटर सुरू होत नसेल तर आधी पुरवठा येतो का ते बघायचे, मग फ्यूज, मग स्टार्टर, मग वाइंडिंग. एका वेळी एकच गोष्ट तपासायची आणि ती निर्दोष ठरली की पुढे सरकायचे. प्रोग्रामलाही हाच क्रम लागू पडतो. चूक पुन्हा घडवून आणा. संदेश पूर्ण वाचा आणि त्यातला ओळीचा क्रमांक पाहा. त्या ओळीवर ब्रेकपॉइंट लावून प्रत्येक व्हेरिएबलमध्ये खरोखर काय आहे ते बघा. एका वेळी एकच बदल करा. न उपयोगी पडलेला बदल मागे घ्या. शेवटच्या नियमाकडे सगळ्यांचे दुर्लक्ष होते, आणि म्हणूनच तासाभराच्या धडपडीनंतर मूळ एका चुकीच्या तीन चुका झालेल्या असतात. हे सगळे शिकवण्यासारखे आहे. अनुभवाने हात जलद चालतो हे खरे, पण पद्धत आधी कोणीतरी दाखवावीच लागते.

दुसरा आक्षेप ताजा आहे. आता कृत्रिम बुद्धिमत्ता आहे. एरर चिकटवला की उत्तर मिळते, मग मुलांनी शोधत का बसायचे? या साधनांचा मला विरोध नाही. घरी विचारायला कोणी नसलेल्या विदिशा किंवा बैतूलच्या मुलासाठी ती मोठा आधार आहेत. पण वरचे नोंद गायब होण्याचे उदाहरण पुन्हा घ्या. मुलीने फक्त कोड चिकटवून ‘सेव्ह होत नाही’ असे विचारले, तर तिला बहुधा नवा कोड मिळेल, कारण दोष त्या कोडमध्ये नव्हताच. ‘चालू असताना नोंद दिसते, पुन्हा बिल्ड केल्यावर जाते’ असे नेमके सांगितले, तर तेच यंत्र योग्य कारण सुचवण्याची शक्यता कितीतरी वाढते. म्हणजे लक्षणे नीट पाहणे आणि नेमक्या शब्दांत मांडणे हे काम माणसाकडेच राहते. साधन जितके हुशार, तितकी प्रश्न विचारणाऱ्याची तयारी जास्त लागते.

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. संदेश इंग्रजीत असतात आणि आपली मुले हिंदी-मराठी माध्यमातून येतात. पडद्यावर लाल अक्षरांत इंग्रजी वाक्य आले की अनेकांचे डोळे ते वाचतच नाहीत, थेट ‘ओके’ दाबले जाते. व्हिज्युअल स्टुडिओ आज जर्मन, तुर्की, पोलिश, कोरियन अशा भाषांत मिळतो; हिंदी आणि मराठी त्या यादीत नाहीत. त्यासाठी मायक्रोसॉफ्टची वाट पाहत बसायची गरज नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये याच भोपाळमध्ये एमबीबीएसची हिंदी पाठ्यपुस्तके प्रकाशित झाली आणि त्यांत इंग्रजी संज्ञा देवनागरीत तशाच ठेवून समजावणी हिंदीत केली गेली. पिंपरी-चिंचवडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाने २०२१-२२ पासून संगणक अभियांत्रिकी मराठीतून शिकवायला घेतली. मग सतत भेटणाऱ्या पन्नास एरर संदेशांची एक पुस्तिका काढणे कितीसे अवघड आहे? मूळ संदेश, त्याचा सोप्या भाषेत अर्थ, आधी काय तपासायचे आणि नंतर काय, एवढे त्यात पुरे. आपल्या भाषेच्या खास अडचणीही तिच्यात याव्यात. डेटाबेसचा कॉलम ‘एनव्हारचार’ऐवजी ‘व्हारचार’ ठेवला की ‘कुलकर्णी’ भरल्यावर प्रश्नचिन्हांची रांग उमटते. कृतीदेवमध्ये टाइप केलेला मजकूर देवनागरी दिसतो, पण संगणकाच्या लेखी ती इंग्रजी अक्षरेच असतात, म्हणून युनिकोडमध्ये नाव शोधले तर ते सापडत नाही. हे तुर्की किंवा जर्मन पुस्तकात लिहिलेले मिळणार नाही. ते आपल्यालाच लिहावे लागेल.

डेस्कटॉप प्रोग्राम आता जुने झाले, सगळे मोबाइल आणि वेबवर गेले, असेही म्हटले जाते. न्यू मार्केटमधल्या दुकानात बिल टॅलीवर बनते आणि १९९८ चे व्हीबी-६ वापरून केलेले प्रोग्राम विंडोज ११ वरही चालतात, एवढे इथे पुरे. शिकण्याच्या दृष्टीने तर डेस्कटॉपचा फायदाच आहे. सगळे एका यंत्रावर असते, मध्ये नेटवर्क किंवा सर्व्हर येत नाही, त्यामुळे चुकीचा माग शेवटपर्यंत काढता येतो.

राहिला प्रश्न वेळेचा आणि तपासणीचा. साठ मुलांच्या वर्गात शिक्षक एकेकाच्या शेजारी बसू शकत नाही, हे मान्य. म्हणूनच हे परीक्षेत आणावे, म्हणजे मुले आपापसात त्याचा सराव करतील. प्रात्यक्षिक परीक्षेत प्रत्येकाला मुद्दाम बिघडवलेला एक तयार प्रोग्राम द्यावा, ज्यात तीन दोष पेरलेले असतील. मुलाने एका पानावर लिहावे: काय दिसले, कशाचा संशय आला, तो कसा पडताळला, काय बदलले. तिसरा दोष सापडला नाही तरी पडताळणी नीट केली असेल तर गुण मिळावेत. हे पान तपासायला प्रॅक्टिकल फाइलपेक्षा कमी वेळ लागेल, आणि ते शेजाऱ्याचे पाहून उतरवता येणार नाही. पन्नास गुणांच्या प्रात्यक्षिकातले पंधरा गुण यासाठी राखून ठेवायला नवी इमारत लागत नाही, नवे यंत्र लागत नाही. अभ्यासमंडळाचा एक ठराव लागतो. भोपाळच्या दोन्ही विद्यापीठांनी आणि महाराष्ट्रातल्या विद्यापीठांनीही तो येत्या सत्राआधी करावा.