इशारा समजेल अशा शब्दांत हवा
स्ट्रक्चरमधील एखाद्या घटकाला मूल्य न देताच तो वापरला, तर जीसीसी हा कंपायलर इशारा देतो. मात्र जुन्या आवृत्त्यांत अनेकदा त्या घटकाचे नावच नसे. असे ते ‘अमुक पत्ता अधिक 4’ असे कोडे. ऑप्टिमायझेशनच्या ओघात नाव गळते, मेमरीतील अंतर तेवढे उरते. 2021 मधील अकराव्या आवृत्तीपासून कंपायलर प्रकार आणि अंतर ताडून, शक्य तेथे मूळ घटकाचे नाव छापतो.

या दुरुस्तीने प्रोग्रॅम तसूभरही वेगवान होत नाही. शोधनिबंध तर दूरच. तरीही ती मोलाची आहे, कारण न उमगलेला इशारा विद्यार्थी सरळ बंद करतो आणि चुकीचा आकडा आलेखात जाऊन बसतो. प्रकार जुळत नसतील तेथे कंपायलर नाव रेटत नाही, पत्ताच दाखवतो. तेही योग्यच.