पेशंटलाच विचारा की!

नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना मानसोपचाराच्या वॉर्डात एक काम करावेच लागते. रुग्णाजवळ बसायचे, बोलायचे आणि तो काय म्हणाला, आपण काय म्हणालो, हे शब्दाला शब्द वहीत उतरवायचे. त्याला ‘प्रोसेस रेकॉर्डिंग’ म्हणतात. कराडजवळच्या मलकापुरात कृष्णा रुग्णालयाच्या जोडीला वैद्यकीय आणि नर्सिंग अशी दोन्ही महाविद्यालये आहेत. तिथेही अशा वह्या भरत असतीलच. पण नोकरी लागली की ही वही कुठेच कोणी मागत नाही. पाहिला जातो तो चार्ट: गोळी दिली, झोप लागली, नाश्ता केला.

सर्वसाधारण रुग्णालयाच्या मानसोपचार वॉर्डात घरचे कोणीतरी सोबत थांबते, हे चांगलेच. पण मग सगळे बोलणे त्यांच्याशीच होते. “रात्री झोपला का हा? अजून बडबडतोय?” सिस्टर चुलत्यांना विचारतात आणि ‘हा’ कॉटवर बसून ऐकत असतो. बाजूच्या वॉर्डात साखरेचा पेशंट असता तर त्यालाच विचारले असते.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने साखळदंड आणि सक्तीचे मुंडण बंद केले, हे पुष्कळांनी ऐकलेले असते. त्याच कायद्याचे कलम २२ मात्र फारसे कोणी काढत नाही. आजार कोणता, उपचार काय ठरवले आहेत, हे कळण्याचा हक्क ते खुद्द रुग्णाला देते, तेही त्याला समजेल अशा भाषेत.

अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ रोझेनहान यांनी धडधाकट माणसे रुग्ण म्हणून मनोरुग्णालयांत दाखल करण्याचा प्रयोग केला आणि १९७३ मध्ये लिहिले, की वॉर्डात साधा प्रश्न विचारला तरी बहुतेक डॉक्टर मान वळवून पुढे निघून जात. पुढे त्यांच्या एकूण प्रयोगाच्याच खरेपणावर शंका घेतल्या गेल्या. आपल्याकडे आठवडाभर वॉर्डात काढलेल्या नातेवाइकाला मात्र हा तपशील खोटा वाटायचा नाही.

माणसे कमी आहेत, वेळ नाही, हे खरेच. पण चुलत्यांना विचारायला लागतो तेवढाच वेळ पुतण्याला विचारायला लागतो.

आणि बोलणारे कोणीच नसते असेही नाही. फरशी पुसता पुसता मावशी विचारतात, “कुठल्या गावचा रे तू? जेवलास का?” त्यांना तो पुष्कळ सांगतो. ते चार्टवर येत नाही. ड्यूटी बदलताना सिस्टर एकमेकींना ‘ओव्हर’, म्हणजे पेशंटची माहिती, देतात, तेव्हा मावशींनाही दोन मिनिटे थांबवून घ्यावे. त्यासाठी नवी भरती लागत नाही, निधीही लागत नाही.