उलटा टांगलेला माणूस कोण होता?

गेल्या आठवड्यात एका मैत्रिणीने तिच्या नव्या टॅरो संचाचे छायाचित्र पाठवले. सोनेरी कडा, जुन्या हस्तलिखितांत असते तशी वेलबुट्टी, मध्ययुगीन युरोपीय धाटणीचे राजे, राण्या आणि देवदूत. तिच्या हाती आलेले पान होते 'टांगलेला माणूस': एका पायाने खांबाला उलटा लटकवलेला तरुण. सोबतच्या पुस्तिकेत त्याचा अर्थ दिला होता, 'थांबा, शरण जा, जगाकडे नव्या दृष्टीने पाहा.' चित्र देखणे होते. अर्थाविषयी मात्र माझी तक्रार आहे, म्हणून हा धागा.

टॅरो हा मुळात पत्त्यांचा खेळ. पत्ते युरोपात चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात पोहोचले. १३७७ साली फ्लॉरेन्सने त्यांच्यावर निर्बंध घातल्याची नोंद आहे. ते आले मामलुकांच्या इजिप्तकडून. इस्तंबूलच्या टोपकापी संग्रहालयात एक मामलुक संच आहे, त्यात तलवारी, चषक, नाणी आणि चौगानच्या काठ्या असे चार रंग आहेत. इटलीत चौगान कोणी खेळत नव्हते, तेव्हा त्या काठ्यांचे साधे दंड झाले. (त्याच संचातील एका पानावर 'कंजिफा' हा शब्द आढळतो. सावंतवाडीच्या गंजिफा पाहिलेल्यांना तो ओळखीचा वाटेल.)

पंधराव्या शतकात उत्तर इटलीत या पत्त्यांना बावीस चित्रपानांची जोड मिळाली. त्यांतली एकवीस म्हणजे कायमचे हुकूम. बाविसावा विदूषक, त्याचे नियम निराळे. खेळाचे नाव 'त्रियोंफी'. पहिली ज्ञात नोंद १६ सप्टेंबर १४४० ची: जुस्तो जुस्ती नावाच्या, आंग्यारी गावच्या नोटरीने रिमिनीच्या सिजिस्मोंदो मालातेस्ताला असा एक संच भेट दिला. तो त्याने फ्लॉरेन्समध्ये मुद्दाम बनवून घेतला होता, आणि साडेचार दुकात खर्च झाल्याचेही रोजनिशीत लिहून ठेवले. भविष्याचा उल्लेख तिथे नाही. श्रीमंतांच्या हौसेचा हिशेब आहे.

आता त्या टांगलेल्या माणसाकडे वळू. त्या काळच्या इटालियन नगरांत 'बदनामीची चित्रे' रंगवण्याची रीत होती. राजद्रोही किंवा दिवाळे काढून पळालेला माणूस हाती लागत नसे, तेव्हा नगरशासन चित्रकाराला पैसे देऊन त्याची प्रतिमा सार्वजनिक इमारतीच्या भिंतीवर काढून घेई. पुष्कळदा एका पायाने उलटी टांगलेली. १४४० च्या जूनमध्ये आंग्यारीच्या लढाईत (होय, जुस्तीच्याच गावाजवळ) फ्लॉरेन्सचा जय झाला. त्यानंतर शत्रूला मिळालेल्या बंडखोरांची अशी चित्रे आंद्रेआ देल कास्तान्यो याने न्यायाधिकाऱ्याच्या वाड्यावर रंगवली, आणि पुढे त्याला 'टांगलेल्यांचा आंद्रेआ' हेच नाव पडले. म्हणजे रोजनिशीतली ती भेट आणि भिंतीवरचे ते द्रोही एकाच वर्षातले. खेळणाऱ्यांना ती मुद्रा कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. काही जुन्या इटालियन याद्यांत तर या पानाचे नावच 'विश्वासघातकी' असे आहे.

याहून बोचरा एक तपशील आहे. सर्वांत प्रसिद्ध संच मिलानच्या व्हिस्कोंती-स्फोर्झा घराण्याचा. पंधराव्या शतकाच्या मध्यावर तो फ्रांचेस्को स्फोर्झाच्या घरासाठी रंगवला गेला. आज त्याची ७४ पाने उरली आहेत, काही न्यूयॉर्कच्या मॉर्गन ग्रंथालयात, काही बेर्गामोत. त्यात हा टांगलेला तरुण आहे: सोन्याची पार्श्वभूमी, हात पाठीमागे, चेहरा शांत. या फ्रांचेस्कोचा बाप मुत्सिओ हा भाडोत्री सेनानी. १४१२ मध्ये तो पोप योहान तेविसाव्याची चाकरी सोडून नेपल्सच्या राजाकडे गेला, तेव्हा पोपने रोमच्या वेशींवर आणि पुलांवर त्याची अशीच उलटी टांगलेली चित्रे लावली होती. सोबत कोतिन्योलाचा गावंढळ म्हणून हिणवणारा मजकूर. आपल्या वडिलांची ती अवस्था ठाऊक असलेला ड्यूक हे पान हातात धरून कसा खेळत असेल, हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. उत्तर कोणत्याही दप्तरात मिळणार नाही.

मग 'शरण जा' आले कुठून? १७८१ साली पॅरिसमध्ये कूर द जेबलँ याने टॅरो हा प्राचीन इजिप्तचा ज्ञानग्रंथ असल्याचे जाहीर केले. इजिप्तची चित्रलिपी तेव्हा कोणालाच वाचता येत नव्हती. शांपोल्यॉंला तो उलगडा व्हायला १८२२ उजाडले. जेबलँच्या मते हा माणूस म्हणजे एका पायावर सावधपणे उभा असलेला 'विवेक'. छापणाऱ्यांनी चुकून पान उलटे केले! पुढे १९०९ च्या वेट आणि पामेला कोलमन स्मिथ यांच्या संचात त्याच्या मस्तकाभोवती तेजोवलय आले. द्रोह्याचा संत झाला.

टॅरोने भविष्य पाहणाऱ्यांशी माझे भांडण नाही. त्या प्रथेलाही आता सव्वादोनशे वर्षांहून मोठा इतिहास आहे, आणि तोही अभ्यासण्याजोगा आहे. भांडण आहे ते वेष्टनावरच्या 'मध्ययुगीन' या शब्दाशी. रेषा आणि सोने पंधराव्या शतकाचे घ्यायचे, अर्थ मात्र अठराव्या आणि विसाव्या शतकांचे चिकटवायचे, आणि वर प्राचीन ज्ञान म्हणून विकायचे, यात त्या काळची माणसे पुसली जातात. भर चौकात ज्याची अब्रू काढली गेली, त्याच्या चित्राखाली मनःशांतीचा सल्ला छापणे मला खटकते. पुस्तिकेत दोन ओळी खऱ्या इतिहासाच्या दिल्या तर संच कमी खपेल असेही नाही. उलट हे पान अधिक वेळ पाहिले जाईल.

मैत्रिणीला मी एवढेच कळवले की फ्रान्समध्ये ७८ पानांचा टॅरो आजही चौघे मिळून खेळतात. नियम मी शिकायला घेतले आहेत. दिवाळीत संच घेऊन ये.